फलकावरचा राहून गेलेला रकाना

मा. जिल्हाधिकारी, यवतमाळ
यांस,



वेळेचं नियोजन कसं करावं यावर आमच्या मारेगाव तालुक्यात अलीकडे भरपूर बोललं जातं. कॉलेजात पाहुणे येऊन बोलतात, बचत गटांच्या मेळाव्यात बोलतात, आणि जे सांगायचं राहतं ते मोबाईलमधला कोट घातलेला कोणीतरी पूर्ण करतो. पहाटे उठा, उद्याच्या कामांची यादी आजच करा, महत्त्वाचं काम आधी उरका, एका वेळी एकच काम धरा. सल्ला वाईट नाही. पहाटे उठायचं आम्हाला वेगळं सांगावं लागत नाही, एवढंच. यादीचं म्हणाल तर ती ज्यानं केली त्याचं भलंच झालं. बियाण्याचं बिल, बँकेचं पासबुक, मोटारीचं वायंडिंग आणि म्हातारीच्या डोळ्यांत टाकायचे थेंब ही चार कामं चिठ्ठीवर लिहून वणीला निघालेला माणूस एका खेपेत मोकळा होतो. तोंडी हिशेबावर गेलेला दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच एसटीत भेटतो. पानठेल्यावर आणि रील पाहण्यात आमचे जे तास जातात, त्यांची वकिली मी करणार नाही.

पण हे सगळे सल्ले एक गोष्ट धरून चालतात, की ऐकणाऱ्याचा दिवस त्याच्या स्वतःच्या ताब्यात आहे. नोकरदाराच्या बाबतीत ते निम्मंशिम्मं खरं असेलही. कुंभा, मार्डी, बोटोणीकडच्या शेतकऱ्याचा किंवा मजूर बाईचा दिवस मात्र किती ठिकाणी दुसऱ्याच्या वेळापत्रकाला बांधलेला असतो, ते आपल्यासमोर मांडायचं म्हणून हे पत्र. ते उघडपणे लिहितो आहे, कारण हे एका कार्यालयाचं किंवा एका टेबलाचं गाऱ्हाणं नाही.

नोव्हेंबरातला दिवस घ्या. सीतादहीची पूजा होऊन वेचणी सुरू झालेली असते. सकाळी पऱ्हाटी दवानं ओलीचिंब असते, आणि ओला कापूस वेचून चालत नाही. भारतीय कापूस महामंडळाच्या केंद्रावर ओलावा मोजतात. आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव, त्यापुढे टक्क्यामागे कपात आणि बाराच्या वर गेला की गाडी परत. म्हणून दव उडाल्याशिवाय बाया ओळीला लागत नाहीत. ऊन तापायला साडेनऊ-दहा होतात आणि थंडीतला दिवस साडेपाचला मावळतो. म्हणजे वेचणीचा खरा वेळ सकाळी दहा ते संध्याकाळी पाच. आता सरकारी कार्यालयाची वेळ पाहा. २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा झाला, शनिवार बंद झाला आणि बदल्यात वेळ ठरली पावणेदहा ते सव्वासहा. कार्यालय उघडं असण्याचे तास आणि कापूस वेचायचे तास एकमेकांवर तंतोतंत बसतात. संध्याकाळी जी वेळ वाढली ती गावाकडच्या माणसाच्या कामाची नाही, कारण तेव्हा त्याला परतीची गाडी धरायची असते.

वेचणी किलोवर असते. किलोमागे आठ-दहा रुपयांच्या हिशेबानं बाई दिवसभर ओटी भरते. कागदासाठी ती तालुक्याला गेली तर त्या दिवसाची मजुरी शून्य. तिला अर्धा दिवस रजा नाही, की उशिरा येण्याची सवलत नाही. २०२३ च्या मार्चपासून एसटीत बायांचं तिकीट अर्धं झालं, ही चांगलीच गोष्ट झाली. पण दिवस अर्धा कापून मिळत नाही. ज्याचं वावर आहे त्याचंही तेच. फुटलेली बोंडं थांबत नाहीत. चार दिवस मजूर हुकले आणि मध्येच अवकाळी पाऊस झाला की पांढऱ्याची कवडी होते, आणि कवडीला काय भाव येतो ते आपल्याला ठाऊक आहे.

एक गोष्ट जवळून दाखवतो. वाळलेल्या बोंडाच्या पाकळ्यांना काट्यासारखी टोकं असतात. आठ-पंधरा दिवस वेचणी झाली की बोटांच्या पेरांवर बारीक चिरा पडतात, नखाच्या कडेला कातडं सोललेलं असतं. हीच बोटं घेऊन बाई रेशन दुकानातल्या अंगठ्याच्या यंत्रासमोर उभी राहते. अंगठा लागत नाही. दुकानदार म्हणतो, पुसून ठेवा. ती पदराला पुसून ठेवते. मग दुसरं बोट, मग डाव्या हाताचं. मग कोणीतरी सुचवतं, थोडं तेल लावून पाहा. तेवढ्यात रेंज जाते. मागच्या रांगेतून आवाज येतो, "सर्व्हर डाऊन हाये जी, संध्याकाळी या." दुकानदाराचा यात काही दोष नाही, त्याचाही दिवस त्याच यंत्रासमोर जातो. २०२५ च्या सप्टेंबरात लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली आणि हेच दृश्य ओटीपीच्या रूपानं घरोघरी आलं. पुढे मुदत वाढवावी लागली, ते बरंच झालं. पण मुदत वाढवल्यानं काय होतं? कामाला जास्त दिवस मिळतात, फेऱ्या कमी होत नाहीत. उलट ऐन वेचणीचे महिने त्या मुदतीत आले.

२०२४ साली देशभर वेळ-वापराचं सर्वेक्षण झालं. त्यात घरची बिनपगारी कामं करणाऱ्या बाईची दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्या कामांत जातात असं आढळलं. पुरुषाची ८८. म्हणजे मारेगावच्या बाईला वेळेच्या नियोजनावर व्याख्यान देण्याआधी तिचे जवळजवळ पाच तास चूल, पाणी, धुणं-भांडी यांत आधीच गेलेले असतात. त्यातला थोडा भार घरच्या पुरुषांनी उचलला तर कोणत्याही शिबिरापेक्षा जास्त फरक पडेल. हे मी आपल्याला सांगून उपयोग नाही, ते आम्हीच आमच्या घरात ठरवायचं आहे. पण ओघात आलं म्हणून लिहिलं.

आता विजेचं. आमच्याकडे हिवाळ्यात एकमेकांना भेटल्यावर पहिला प्रश्न असतो, "लाईन दिवसाची हाये का रातची?" शेतीच्या फीडरवर थ्री फेज वीज आठ तासांच्या पाळीनं मिळते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. हरभरा आणि गहू ओलीत करायचा तर रात्रीच्या पाळीत तुषारचे पाईप अंधारात उचलून नेऊन जोडावे लागतात. पायाखाली विंचू-साप, धुऱ्यावर रानडुकरं. शेजारच्या राळेगाव-पांढरकवडा पट्ट्यात तेरा माणसांच्या मृत्यूला जबाबदार धरलेली टी-१ वाघीण, जिला बाहेरचं जग अवनी म्हणून ओळखतं, २ नोव्हेंबर २०१८ ला मारली गेली. त्याआधीच्या दोन वर्षांत रात्री मोटार सुरू करायला जाताना इथल्या माणसांना काय वाटत असेल, ते लिहायला नको. वाघ आजही या भागात आहेत, आणि रात्रीची पाळीही आहे.

रात्रभर जागलेला माणूस दुसऱ्या दिवशी काय नियोजन करणार? तो दुपारी झोपतो आणि रस्त्यानं जाणारा म्हणतो, शेतकरी आळशी झाला.

तरी या बाबतीत आमच्या लोकांनी जे नियोजन करून दाखवलं आहे त्याची दखल कोणी घेत नाही. एका डीपीवर, म्हणजे रोहित्रावर, दहा-पंधरा मोटारी असतात. मोटारींना ऑटो स्विच लावलेला असला की लाईन आल्याबरोबर सगळ्या एकदम सुरू होतात, दाब घसरतो, मोटार तापते आणि कधीकधी डीपीच जळतो. मग तो बदलून मिळेपर्यंत पीक सुकतं. म्हणून महावितरण सांगतं, ऑटो स्विच काढा, कपॅसिटर बसवा. बऱ्याच डीपींवर शेतकऱ्यांनी आपसात पाळ्या लावून घेतल्या आहेत. आधी वरच्या वावरातली मोटार, तासाभरानं खालची, ज्याच्या विहिरीला पाणी कमी तो मध्ये. व्हॉट्सॲपवर गट आहे, त्यात लाईन आल्याची वर्दी पडते. व्यवस्थापनाच्या पुस्तकात याला मोठं नाव असेल. आमच्याकडे त्याला समजूत म्हणतात.

गुजरातनं २००३ साली ज्योतिग्राम योजना सुरू केली तेव्हा शेतीचे फीडर गावापासून वेगळे काढले आणि शेतीला सुमारे आठ तासच वीज दिली. पण ती पूर्ण दाबानं आणि आधी सांगितलेल्या वेळेला दिली. अभ्यासकांनी पुढे नोंदवलं की तास मर्यादित असूनही शेतकऱ्यांना त्यातली निश्चिती मोलाची वाटली. आपल्या राज्यात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ पासून आहे, तिची दुसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली, आणि शेतीला दिवसा वीज हाच तिचा उद्देश आहे. तिच्या प्रकल्पांना सरकारी जमीन मिळवून देण्याचं काम आपल्या कार्यालयाकडे येतं. मारेगाव तालुक्यातल्या कोणत्या उपकेंद्राला कोणत्या गावची जमीन ठरली, काम कुठवर आलं आणि कोणत्या हंगामापासून रात्रीची पाळी संपणार, एवढं गावाच्या फलकावर लागलं तर मोटार, पाईप आणि मजूर यांचा हिशेब आम्ही आमचा करू.

खेड्यातल्या माणसाला घड्याळ पाळता येत नाही, असं साहेबलोकांत बोलताना मी ऐकलं आहे. त्यांनी एकदा मोझरीला जावं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज ११ ऑक्टोबर १९६८ ला दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी गेले. दरवर्षी पुण्यतिथीला तिथल्या गुरुकुंज आश्रमात त्या मिनिटाला मौन श्रद्धांजली होते. आमच्या भागातून बंड्या, दिंड्या, भाड्याच्या गाड्या करून माणसं जातात. लाखांचा समुदाय, त्यात डोक्यावर गाठोडं घेतलेल्या म्हाताऱ्या आणि कडेवर पोरं असलेल्या बाया, आणि ४.५८ ला चिडीचूप. कोणाला शिट्टी मारावी लागत नाही. आमच्या गावांतून गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना रोज संध्याकाळी ठरल्या वेळी होते, तिथेही कोणाची वाट पाहत नाहीत. वेळ नक्की असेल आणि समोरचाही ती पाळणार हा भरवसा असेल, तर आमची माणसं मिनिट पाळतात. जिथे दहाचं बोलावून एकला भेटतात, तिथे दहाला पोचणं हा मूर्खपणा असतो, आणि तो आम्ही कशाला करू?

आता मूळ मुद्द्यावर येतो. वेळेच्या बाबतीत महाराष्ट्राचे कायदे कमी नाहीत. २००५ च्या दप्तर दिरंगाईच्या कायद्यानं कोणतीही फाईल कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये असं सांगितलं. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानं प्रत्येक अधिसूचित सेवेला कालमर्यादा दिली, अपिलं दिली, आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशेपासून पाच हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली. त्या कायद्यामुळेच कार्यालयांच्या भिंतींवर फलक लागले. त्यावर सेवेचं नाव, लागणारी कागदपत्रं, शुल्क, किती दिवसांत मिळेल, कोण देईल, अपील कोणाकडे, सगळं असतं. उत्पन्नाचा दाखला, १५ दिवस. वाचून बरं वाटतं.

पण हे १५ दिवस मोजायला सुरुवात होते ती परिपूर्ण अर्ज दाखल झाल्यावर. अर्ज परिपूर्ण होण्याआधी जे घडतं ते कोणत्याच नोंदीत येत नाही. पहिल्या दिवशी सांगतात, रेशन कार्डची झेरॉक्स हवी. दुसऱ्या खेपेला ती दिली की कळतं, आधारवर आडनाव वेगळं आहे, ते आधी जुळवा. तिसऱ्या खेपेला लिंक बंद. चौथ्या खेपेला, "साहेब मिटिंगले गेले, उद्या या." त्यानंतर अर्ज चढतो आणि दाखला नवव्या दिवशी हातात येतो. संगणक म्हणतो, सेवा मुदतीत दिली, आणि ते खोटंही नसतं. शासनानं आपले दिवस मोजले. अर्जदाराचे जे दिवस गेले त्यांना कुठेच रकाना नाही.

तो रकाना फलकावर घाला, एवढी माझी विनंती आहे. 'कालमर्यादा' या रकान्याशेजारी 'फेऱ्या'. उत्पन्न दाखला, १५ दिवस, १ फेरी. शिधापत्रिकेत नाव चढवणे, इतके दिवस, २ फेऱ्या. हा आकडा आपल्याच अधिकाऱ्यांनी ठरवावा, आम्ही त्यात घासाघीस करणार नाही. आणि अर्जाच्या पोचपावतीवर अर्जदार कितव्यांदा आला ते लिहिलं जावं. महिन्याच्या आढाव्यात आपल्यासमोर निपटाऱ्याची टक्केवारी येते, तिच्यासोबत फेऱ्यांची सरासरी येऊ द्या. काय मोजलं जातं याकडे खालचा माणूस बघतो, हे प्रशासनात इतकी वर्षं काढलेल्यांना मी काय सांगावं.

त्याला जोडून आणखी एक. त्रुटी काढायच्या तर सगळ्या एकदम आणि लेखी काढाव्यात. पहिल्या खेपेला जी त्रुटी कागदावर लिहून दिली नाही, ती दुसऱ्या खेपेला काढता येऊ नये.

आणि वेचणीच्या तीन महिन्यांपुरती एक सोय. नोव्हेंबर ते जानेवारी, आठवड्यातला एक वार ठरवून, सकाळी आठ ते साडेनऊ तलाठ्यांनी गावात ग्रामपंचायतीत बसावं. २०२४ पासून त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. नाव बदलल्याचं सगळ्यांना कळलं, बसण्याचा वार कळला की झालं. तेवढ्या वेळात पऱ्हाटीवरचं दव उडालेलं नसतं, बाया-माणसं गावातच असतात. कोणाचाच रोज बुडणार नाही.

मला याची कल्पना आहे की एकेका साझ्यात तीन-चार गावं असतात, त्यात पंचनामे, निवडणुका, पीक पाहणी, वरून येणाऱ्या बैठका. माणसं कमी आहेत, हेही दिसतं. पण म्हणूनच वार ठरलेला हवा. आज त्यांना दिवसभर "कुठे हाये जी?" असे फोन येतात आणि पाच माणसांचं एकच काम पाच वेगवेगळ्या दिवशी करावं लागतं. फेऱ्या घटल्या तर त्यांचाही निम्मा ताण उतरेल.

हे जमत नाही असं म्हणायला जागा नाही, कारण तुकड्या-तुकड्यानं शासनानं ते केलेलं आहे. २०२५ च्या हंगामात कापूस महामंडळानं 'कपास किसान' ॲप आणलं आणि कापूस विक्रीसाठी दिवस राखून ठेवण्याची सोय दिली. नोंदणीच्या कटकटी झाल्या, मोबाईल न हाताळणाऱ्यांना दुसऱ्याच्या दारात जावं लागलं. तरी जिनिंगबाहेर गाडी लावून रात्र काढण्यापेक्षा तारीख हातात असणं चांगलंच. कापसाच्या गाडीला तारीख मिळते, तर तो कापूस पिकवणाऱ्याला दाखल्यासाठी का मिळू नये? दुसरं उदाहरण आमच्या कोलाम बांधवांचं. १५ नोव्हेंबर २०२३ ला पीएम-जनमन सुरू झालं, आणि त्या मोहिमेत आधार, जातीचे दाखले, आयुष्मान कार्ड यांची शिबिरं आदिम जमातींच्या वस्त्यांवर नेण्याचं ठरलं. ज्यांच्या पोडावर वर्षानुवर्षं कोणी फिरकत नव्हतं, त्यांच्याकडे यंत्रणेनं यंत्र आणि शिक्का घेऊन जायचं. ती मोहीम होती, आणि मोहिमा संपतात. मला ती रीत हवी आहे.

आमच्याकडून काय, असं आपण विचाराल तर तेही सांगतो. ग्रामपंचायतीत एक वही ठेवू. तालुक्याला कागदासाठी गेलेला प्रत्येक जण परत आल्यावर तीन गोष्टी लिहील: काम कोणतं, कितवी खेप, आणि परत यायचं कारण काय सांगितलं. कर्मचाऱ्याचं नाव लिहायचं नाही, हे आधीच ठरवलं आहे, नाहीतर वहीचं भांडण होईल. लिहिता न येणाऱ्यांसाठी बचत गटाच्या मुली लिहून देतील. एकाच कामासाठी जाणारे चौघे असतील तर चौघांचे कागद घेऊन एकानंच जावं, असंही चाललं आहे. जिथे स्वतः हजर राहणं किंवा अंगठा लागत नाही, तिथे एवढ्यानंच तिघांचा दिवस वाचेल. अशी कामं नेमकी कोणती, याची यादी आपल्या कार्यालयानं काढून दिली तर बरं होईल. आम्हाला ती चार ठिकाणी विचारून चार प्रकारची मिळते.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत ती वही वाचून दाखवायची आहे. त्या दिवशी आपल्याला झेंडावंदन आणि संचलन असतं, आपण येऊ शकणार नाही हे समजतो. आपल्या वतीनं एखादा अधिकारी पाठवावा. सभा सकाळी साडेअकराला सुरू होईल, आणि साडेअकरालाच सुरू होईल.

आपला,
मारेगाव तालुक्यातला एक कापूस उत्पादक